परळच्या पिंजऱ्यांपाशी

टाटा रुग्णालय म्हटले की अजूनही मुंबईकराचा आवाज नकळत खाली येतो. गिरगावची चाळ असो की लालबागची, शेजारच्या बाईला परळला नेले आहे एवढे कानावर आले की पुढचे कोणी विचारत नाही. परळ या शब्दाला गिरण्यांचा, भोंग्यांचा, केईएमचा, हाफकिनचा असे किती तरी अर्थ चिकटलेले आहेत. पण अशा वेळी त्याचा एकच अर्थ होतो. त्यातून आजार स्तनाचा असेल तर त्याचे नाव घेण्याचीही आपल्या घरांतून चोरी. छातीला जरा गाठ आहे, एवढे बोलून वेळ मारून नेली जाते.

ज्या आजाराचे नाव घ्यायला घरातली माणसे बिचकतात, त्याच्याच मागे पुण्याहून आलेली एक बाई परळच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे लागली होती. डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले आणि नातवंडे आजीला विचारू लागली, या कोण? तेव्हापासून त्यांच्यावर पुष्कळ लिहून आले. काही ठिकाणी तर स्तनाच्या कर्करोगाचे जनुक त्यांनीच शोधले असेही छापून गेले. ते खरे नाही. न केलेल्या कामाचे श्रेय पदरात टाकले की केलेले काम झाकले जाते, आणि कमलताईंचे केलेले काम झाकून ठेवावे असे मुळीच नाही.

त्यांचा जन्म १९१७ चा, पुण्यातला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. मुलांइतकेच मुलींनीही शिकले पाहिजे असे मानणारे हे घर. मुलगी हुजूरपागेत गेली, हुशार निघाली, आणि वडिलांनी मनाशी बेत केला की हिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे. त्या काळच्या बापाने लेकीसाठी यापेक्षा मोठे स्वप्न ते कोणते पाहायचे? लेकीने मात्र वडिलांच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, विशेष प्रावीण्य मिळवले, आणि १३ मे १९३९ रोजी लग्न केले ते जयसिंग त्रिंबक रणदिवे या गणितज्ञाशी. वडिलांचे दोन्ही बेत एकदम कोसळले. डॉक्टरकी न करता ती पुढे डॉक्टरांच्याच गोतावळ्यात आयुष्य काढणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!

एम.एस्सी. त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून केले, १९४३ साली, म्हणजे लग्नानंतर. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे. आज ऐकायला गंमत वाटते, पण हा पाया मोलाचा ठरला. पेशी कशी दुभंगते, गुणसूत्रे कशी वाटली जातात, एका पिढीचे पुढच्या पिढीत काय उतरते, हे त्यांनी आधी झाडाच्या पेशीत पाहिले होते. या सगळ्यात नवऱ्याची साथ होती, आणि तीही नुसती मान डोलावण्यापुरती नव्हती. संसार मुंबईत, पुढे एक मुलगा, आणि बाई प्रयोगशाळेत, असा हा चाळीसच्या दशकातला जमाखर्च. माझे आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ताळेबंदाच्या भाषेत विचार करायची खोड आहे. पण या ताळेबंदात नवऱ्याच्या नावावर जी रक्कम दिसते ती चरित्रकार सहसा लिहायला विसरतात.

मुंबईत टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. शस्त्रक्रियेनंतर आलेला मांसाचा तुकडा पाहून निदान कळवणे एवढ्यावर या माणसाचे समाधान नव्हते. कोणत्या समाजाला कोणता कर्करोग होतो, धोतराची गाठ, तोंडातली तंबाखू, उशिराचे लग्न यांचा त्याच्याशी संबंध काय, असे प्रश्न त्यांना पडत. कमलताई त्यांच्या हाताखाली आल्या त्या डॉक्टरेटसाठी, आणि त्यांच्या वाट्याला आले उंदीर.

उंदीरच का, हे सांगायला हवे. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात वाढवलेले उंदरांचे वाण असतात. काही वाणांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींना जवळजवळ होतच नाही. रक्ताचा वारसा म्हणावा, तर बिटनरनी रोगट वाणाची पिल्ले जन्मल्याबरोबर उचलून निरोगी वाणाच्या दाईकडे दुधाला लावली, आणि त्या पिल्लांतले कर्करोगाचे प्रमाण एकदम खाली आले. म्हणजे रोगाचे बीज आईच्या दुधातून जात होते. पुढे कळले की ते बीज म्हणजे एक विषाणू. दूध आणि कर्करोग हे दोन शब्द शेजारी आले की अंगावर काटा येतो. त्या काळच्या शास्त्रज्ञांच्याही आला असेल.

खानोलकर आणि रणदिवे यांनी रोगाची कमीअधिक प्रवृत्ती असलेले उंदरांचे चार वाण घेतले आणि त्यांच्या निरोगी स्तनग्रंथी तपासल्या. यातला निरोगी हा शब्द महत्त्वाचा. गाठ आल्यावर ती दिसतेच. गाठ येण्याच्या कितीतरी आधी, सगळे ठीकठाक दिसत असताना, ज्या वाणाला पुढे रोग होणार आहे त्याच्या ग्रंथीत काही वेगळेपण दिसते का, हा त्यांचा प्रश्न होता. उंदरीण वयात येताना, गाभण असताना, पिल्ले पीत असताना आणि दूध आटल्यावर ग्रंथी फुटते, पसरते, मिटते. म्हणजे तिच्यावर संप्रेरकांचे राज्य चालते. त्यामुळे वारसा, संप्रेरके आणि दुधातला विषाणू अशा तिन्ही बाजूंनी विचार करणे भाग होते. १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे परळच्या प्रयोगशाळेने आयसीआरसी या नावाचा, स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती असलेला स्वतःचा वाण उभा केला. ऐकताना हे फारसे मोठे वाटत नाही. पण वाण उभा करायचा म्हणजे सख्ख्या भावाबहिणींची पैदास वीस-वीस पिढ्या करायची, प्रत्येक पिंजऱ्याची नोंद ठेवायची, कोण कोणाची लेक हे चुकू द्यायचे नाही. कुळकर्ण्याच्या दप्तरापेक्षा हे काम किचकट.

डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत जगल्या, वाढल्या आणि पुढे जगभर हेला या नावाने पोहोचल्या. त्या स्त्रीला कोणी विचारलेही नव्हते, ही त्या कथेची काळी बाजू. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याची ही विद्या, ऊतिसंवर्धन, कमलताईंनी तिथे आत्मसात केली. दिसायला ही विद्या साधी. पेशींना खायला द्यायचे, शरीराइतकी ऊब द्यायची, हळूहळू फिरणाऱ्या नळ्यांत त्यांना ठेवायचे आणि एकही जंतू शिरू द्यायचा नाही. ज्यांनी घरी दही लावले आहे त्यांना यातली अडचण कळेल. फक्त इथे विरजण नको असते, आणि तेच नेमके लागते.

तिकडे राहण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्या परत आल्या. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले होते, खानोलकर त्याचे प्रमुख. तिथे कमलताईंनी मुंबईतली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि पुढे कर्कजनन, पेशीशास्त्र व प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग रचले.

या विद्येतून एक अनपेक्षित फळ निघाले ते महारोगावर. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, हे जगभरच्या शास्त्रज्ञांचे जुने दुखणे. हा जंतू मज्जातंतूंवर प्रेम करतो, तेव्हा त्याला मज्जापेशींचेच घर द्यावे, असा विचार करून बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या शरीरातून घेतलेले जंतू मज्जाग्रंथींच्या संवर्धनात ठेवले. १९५८ साली त्यांनी वेगळा काढलेला जंतू आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला जातो. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर वाद झाले. पण त्याच्यापासून पुढे परळलाच डॉ. माधव देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस तयार केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. उंदरांच्या स्तनग्रंथींपासून सुरुवात केलेल्या बाईचे नाव महारोगाच्या इतिहासात असे आले.

आता पुन्हा दुधाकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे होती. उंदरात जे दिसते ते बाईत खरे असेल का? मुंबई हे या प्रश्नाला जणू मुद्दाम बांधलेले शहर. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे अधिक, हे परळच्या डॉक्टरांच्या ध्यानात फार पूर्वी आले होते. समाज लहान, लग्ने आपसात, तीही उशिरा, मुले कमी. १९७१ साली अमेरिकेतल्या डॅन मूर यांच्या चमूने परळच्या सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती शिरसाट त्यात होत्या. घरात हा रोग असलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या आणि मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण अधिक वेळा आढळले, असे त्यात म्हटले होते. जगभर खळबळ उडाली. क्षणभर कल्पना करा, दादरच्या एखाद्या बाळंतिणीने हे वर्तमानपत्रात वाचले आहे, तिची आई याच रोगाने गेली आहे, आणि मांडीवर भुकेले बाळ आहे. तिने काय करावे?

बाळाला पाजावे, हे उत्तर आज निःशंकपणे देता येते. माणसाच्या स्तनाचा कर्करोग दुधातल्या विषाणूने होतो हे सिद्ध झाले नाही. उलट, २००२ साली तीस देशांतल्या पाहण्या एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे निघाले की आयुष्यात दर बारा महिने अंगावर पाजण्यामागे आईचा स्वतःचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या आज्ज्या उगाच आग्रह करीत नव्हत्या.

मग उंदरांमागे घालवलेली ती वर्षे फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. १९८२ साली परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की तो उंदरांचा विषाणू स्वतः काही विष ओतत नाही. तो पेशीच्या गुणसूत्रात शिरतो आणि शेजारी झोपलेल्या एका जनुकाला जागे करतो. मग ते जनुक नको तेव्हा आपले प्रथिन बनवू लागते आणि पेशी वाढत सुटते. हा विषाणू संप्रेरकांच्या हुकमाने जास्त जोरात चालतो, हेही कळले. रोगाचे मूळ आपल्याच पेशीतल्या जनुकांत आणि त्यांच्या प्रथिनांत आहे, या समजुतीकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक वाट या उंदरांच्या पिंजऱ्यांतून गेली. आणि घराण्यात रोग येतो, या कमलताईंनी धरून ठेवलेल्या मुद्द्याला १९९० साली पुरावा मिळाला, तोही त्यांच्या हयातीत: मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली आणि १९९४ मध्ये ते हाती आले.

आज टाटामधून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात जो अहवाल असतो, तो कधी वाचून पाहा. नुसता कर्करोग आहे एवढे त्यात नसते. तिच्या गाठीच्या पातळ कापांवर निरनिराळ्या प्रथिनांना चिकटणारी रसायने लावतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. इस्ट्रोजेनचे ग्राहक प्रथिन आहे का, प्रोजेस्टेरॉनचे आहे का, हर-टू नावाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर दाटले आहे का, आणि केआय-६७ किती पेशींत आहे, म्हणजे किती पेशी दुभंगण्याच्या घाईत आहेत. पहिली दोन असतील तर संप्रेरक अडवणाऱ्या गोळ्या चालतात. हर-टू दाटलेला कर्करोग पूर्वी अतिशय आक्रमक मानला जाई. त्याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले आणि चित्र पालटले. ज्या गाठीत या तिन्हींपैकी एकही खूण नाही, तिला त्रिनकारी, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणतात. ती वेगाने पसरते, तरुण बायकांत अधिक दिसते, बीआरसीए-१ चा दोष असलेल्यांत विशेष. पाश्चात्त्य देशांत अशा गाठी शंभरात दहा-पंधरा. आपल्याकडच्या अनेक पाहण्यांत त्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त निघतात. या खुणा ओळखण्याची बरीचशी विद्या काचपात्रात जगवलेल्या गाठींवर शिकली गेली. उदाहरणार्थ, १९७० साली अमेरिकेत एका जोगिणीच्या आजारातून मिळालेल्या एमसीएफ-७ नावाच्या पेशी. मुंबईत ती काचपात्रे प्रथम मांडली ती कमलताईंनी. श्रेय द्यायचे तर एवढे द्यावे; ते पुष्कळ आहे.

परळच्या आसपासच्या शाखेत मी काही वर्षे काढली. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येणारी माणसे तिथे काउंटरवर ओळखू येत. जळगावहून, चिपळूणहून आलेला नवरा पावती पुढे सरकवी आणि व्याज किती बुडेल हे विचारतही नसे. राहायला कुठे, म्हटले की दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, असे सांगे. अशा माणसाला आपल्या बायकोच्या गाठीवर कोणता रंग उमटला आहे, यावर सगळे अवलंबून आहे हे कोण समजावून सांगणार? हर-टूवरची औषधे आज पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहेत, भारतीय कंपन्याही ती बनवतात; तरी ठेवी मोडाव्या लागतातच.

कमलताई १९६६ ते १९७० या काळात संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. पण खुर्चीवर बसून राहणे त्यांना मानवले असेल असे दिसत नाही, कारण त्यानंतरचे त्यांचे निबंध पाहिले तर पुन्हा पिंजरेच दिसतात: १९७६ आणि १९७९ चे निबंध तंबाखू, सुपारी आणि विड्यावरचे. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात धान्य साठवायची पिशवी असते. तिला सुपारीचा अर्क लावून त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचा माग काढला. नुसती सुपारी निरुपद्रवी, हा आपल्याकडचा लाडका समज त्या कामाने डळमळला. घरोघरी बडीशेपेच्या डबीत ती अजून आहेच.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांना बरोबर घेऊन भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय पुढे वाशीला झाले. या संघटनेने परिसंवाद भरवले, शिष्यवृत्त्या दिल्या, हे तर कोणतीही संघटना करते. मला महत्त्वाचे वाटते ते तिने चालवलेले नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर. शास्त्रज्ञ बाईची अडचण सूक्ष्मदर्शकाखाली नसते, संध्याकाळी पाच वाजता मूल कोणाकडे ठेवायचे ही असते, हे संसार सांभाळून संशोधन केलेल्या बाईला कोणी सांगावे लागले नाही. परदेशी शिकायला गेलेल्या तरुणांनी परत यावे म्हणूनही त्या प्रयत्न करीत. स्वतः परत आल्या असल्याने त्यांना तो अधिकार होता.

१९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. कुष्ठरोगाच्या जंतूवरच्या कामासाठी त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचाही. १९८२ मध्ये पद्मभूषण. एवढे झाल्यावर माणूस सत्कारांच्या नारळांवर निवांत बसतो. या बाई निवृत्तीनंतर गेल्या त्या तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला. त्या भागातल्या बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देण्याचे कामही त्यांच्या स्त्री वैज्ञानिक संघटनेतर्फे झाले. पेशीच्या आतले बघत आयुष्य गेलेली ही बाई आता पोरांची वजने घेत होती.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी कर्करोग संशोधनाचा बराचसा पसारा परळहून खारघरच्या मोकळ्या जागेत हलला.

टाटा केंद्राने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक लांबलचक चाचणी सुरू केली होती. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना स्तनतपासणी शिकवायची, आणि पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी त्यांनी नुसत्या हाताने तपासणी करायची. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या साध्या तपासणीने मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत, जिथे त्या तिन्ही खुणा नसलेल्या गाठी अधिक सापडतात, तसा फायदा दिसून आला नाही.